शाळेतल्या डिजिटल वर्गाचा उपयोग होतोय का, हे कसं तपासावं

आपलं मूल जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत शिकत असेल, तर त्या शाळेत टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब, संगणक यांपैकी काहीतरी आता बहुधा असेलच. महाराष्ट्रात 22 जून 2015 च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्यानंतरच्या वर्षांत गावोगाव लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग उभे राहिले. कुठे माजी विद्यार्थ्यांनी पैसे काढले, कुठे ग्रामपंचायतीने, कुठे शिक्षकांनी स्वतःच्या खिशातून घातले. ज्या वस्तूसाठी गावाने एवढं केलं, तिच्यामुळे मुलं जास्त शिकली का, हे पाहणं गावाचं काम आहे. ते कसं पाहायचं, ते इथे क्रमाने सांगतो. त्याला संगणकाचं ज्ञान लागत नाही. वही, पेन, थोडा वेळ आणि शिक्षकांचा विश्वास एवढं पुरतं.

आपल्याला हे विचारायचा अधिकार आहे का, अशी शंका पालकांना हमखास येते. आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समिती नेमली जाते. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात. शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि मिळालेल्या अनुदानाचा विनियोग पाहणं ही या समितीची कामं कायद्यातच लिहिलेली आहेत. अनुदानित खासगी शाळेत समितीची भूमिका सल्ल्यापुरती असू शकते आणि विनाअनुदानित शाळेला हे कलम लागू नाही. तिथे पालक-शिक्षक संघातून हेच प्रश्न विचारता येतात.

सुरुवात यंत्रापासून करू नका. आधी मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना एक प्रश्न विचारा: हे साधन आणलं तेव्हा मुलांची कोणती अडचण दूर व्हावी अशी अपेक्षा होती? ‘शाळा डिजिटल व्हावी’, ‘मुलांना गोडी लागावी’, ‘पट वाढावा’ अशी उत्तरं येतील. ती खोटी नसतात, पण त्यांवरून काही मोजता येत नाही. थोडं थांबून पुन्हा विचारलंत की नेमकं उत्तर येतं. तिसरीच्या मुलांना हातच्याची वजाबाकी जमत नाही. सहावीच्या मुलांनी नकाशा कधी नीट पाहिलेला नाही. इंग्रजी शब्दांचे उच्चार शिक्षकांना स्वतःलाच पक्के वाटत नाहीत, म्हणून ध्वनिफिती हव्यात. असं एखादं उत्तर मिळालं की ते तारखेसह वहीत लिहा. पुढची सगळी तपासणी त्या ओळीला धरून करायची आहे.

शासनाच्या भाषेत या अपेक्षेला ‘अध्ययन निष्पत्ती’ म्हणतात. इयत्ता संपताना मुलाला काय करता आलं पाहिजे, याची ती विधानं असतात. प्रत्येक विषयाच्या पाठ्यपुस्तकात सुरुवातीच्या पानांवर ती छापलेली सापडतात. शिक्षकांशी बोलताना त्यातलंच एखादं विधान निवडलं, तर पुढे वाद होत नाही.

दुसरी पायरी म्हणजे काय आहे आणि काय चालतं, हे पाहणं. शाळेत जडवस्तू संग्रह नोंदवही असते, तिला सगळे डेडस्टॉक रजिस्टर म्हणतात. त्यात टीव्ही, संगणक, टॅब, यूपीएस अशा सगळ्या वस्तूंची नोंद असते. ती यादी घेऊन शाळेत फिरा आणि प्रत्येक वस्तू सुरू करून पाहा. नुसती पाहू नका, सुरू करा. प्रोजेक्टर असतो, पण दिवा गेलेला असतो. टॅब असतात, पण निम्म्यांची बॅटरी फुगलेली असते. संगणक चालू होतो, पण यूपीएस उतरल्यामुळे वीज गेली की त्याच क्षणी बंद पडतो. टीव्ही ठणठणीत असतो आणि एचडीएमआय केबल कोणीतरी नेलेली असते. दोनशे रुपयांच्या वायरीपायी चाळीस हजारांचा टीव्ही पडून राहतो, आणि ही वायर विकत घेणं कोणाचं काम, हेच ठरलेलं नसतं.

विजेकडे वेगळं लक्ष द्या. वर्ग भरलेला असतो त्या वेळात, म्हणजे अकरा ते पाचमध्ये, भारनियमन किती? बिल वेळेवर भरलं जातं का? बिल थकल्यामुळे शाळांची जोडणी तोडल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वर्षानुवर्षं येत आल्या आहेत. सौर पॅनेल असेल तर ते साफ कोण करतं, बॅटरीत पाणी कोण घालतं? आणि चावी कुणाकडे असते? डिजिटल खोलीची चावी एकाच शिक्षकाकडे असेल आणि ते सर रजेवर, प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेले, की खोली तितके दिवस कुलुपात राहते.

इथेच तपासणीची पहिली मोठी चूक होते. यादी पूर्ण झाली, वस्तू चालू आहेत, म्हणजे काम झालं असं समजून लोक थांबतात. सरकारी आकडेवारीही बरीचशी याच पायरीवर उभी असते. यू-डायस प्लस ही देशभरच्या शाळांची माहिती गोळा करणारी व्यवस्था आहे. तिच्या 2023-24 च्या अहवालानुसार देशातल्या 57.2 टक्के शाळांत चालू स्थितीतले संगणक होते आणि 53.9 टक्के शाळांत इंटरनेट. आकडे मोलाचे आहेत, पण त्या संगणकावर मुलांचा हात किती वेळा पडला, हे त्यांतून कळत नाही.

म्हणून तिसरी पायरी वापराची. बडोद्याचं उदाहरण इथे आठवतं. गुजरात सरकारने तिथल्या 100 महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते. ‘प्रथम’ या संस्थेने 2002 मध्ये पाहणी केली, तेव्हा प्राथमिकच्या मुलांना ते संगणक फारच थोड्या शाळांत वापरायला मिळत होते. पुढे तेच संगणक वापरून चौथीच्या मुलांसाठी आठवड्यातून दोन तास गणिताचे खेळ ठेवले गेले, एका संगणकावर दोन मुलं. गणितात मुलांची प्रगती स्पष्ट दिसली. संगणक आधीही तेच होते. बदललं ते एवढंच की कोणत्या मुलाने, कोणत्या दिवशी, कशासाठी बसायचं हे ठरलं आणि ते पाळलं गेलं.

वापर तपासण्यासाठी वेळापत्रक मागा. डिजिटल तासिका भिंतीवरच्या वेळापत्रकात आहे का, की ‘वेळ मिळेल तेव्हा’ आहे? ‘वेळ मिळेल तेव्हा’ याचा अर्थ बहुतेक शाळांत शनिवारी किंवा पावसात मैदान बंद असेल तेव्हा, असा होतो. वापराची नोंदवही असेल तर मागच्या दोन महिन्यांची पानं पाहा. तारीख, इयत्ता, विषय, घटक आणि शिक्षकांची सही एवढं त्यात असावं. नोंदवही नसेल तर आजपासून सुरू करायला सांगा आणि महिनाभर थांबा. सगळ्या ओळी एकाच शाईत, एकाच बैठकीत लिहिलेल्या दिसल्या तर शिक्षकांवर ओरडू नका. शिक्षकांना आधीच अनेक नोंदवह्या आणि अॅपं भरावी लागतात. नोंद एका ओळीत कशी होईल, एवढंच त्यांच्याबरोबर बसून ठरवा.

मुलांनाही विचारा. ‘टीव्ही लावतात का’ असं विचारलं तर मुलं सरांच्या तोंडाकडे पाहून ‘हो’ म्हणतात. ‘मागच्या वेळी टीव्हीवर काय पाहिलं होतं? त्यातलं मला समजावून सांग’ असं विचारा. उत्तरात गोष्ट, गाणं, आकृती असं काही सापडलं तर वापर खरा आहे.

आता चौथी पायरी, वर्गात बसून पाहण्याची. सगळ्या तपासणीचा गाभा हाच आहे, म्हणून इथे घाई करू नये. आधी शिक्षकांची परवानगी घ्या, दिवस त्यांनाच ठरवू द्या आणि ‘तुमची परीक्षा घ्यायला येत नाही, मुलं काय करतात ते पाहायला येतोय’ हे स्पष्ट सांगा. मागच्या बाकावर किंवा सतरंजीच्या कडेला बसा. पहिल्या दिवशी मुलं आपल्याकडेच पाहत राहतात. त्या दिवशी काही लिहू नका, दुसऱ्यांदा जा. एकाच तासावरून मत बनवलं तर ते बहुतेक वेळा चुकतं.

पाहायची एक सोपी रीत आहे. वर्गनिरीक्षणाची ही पद्धत अमेरिकेत जेन स्टॉलिंग्ज यांनी विकसित केली आणि पुढे जागतिक बँकेने अनेक देशांत वापरली. तासभर सलग लिहीत बसायचं नाही. ठरावीक अंतराने मान वर करायची, वर्गाचं त्या क्षणाचं चित्र टिपायचं आणि पुन्हा गप्प बसायचं. 35 मिनिटांच्या तासिकेत दर पाच मिनिटांनी एकदा पाहिलं तरी पुरतं. वहीत तीन रकाने आखा: शिक्षक काय करतायत, पडद्यावर काय आहे, मुलं काय करतायत. मुलांच्या रकान्यात, किती मुलांचं लक्ष दुसरीकडे आहे हेही लिहा.

समजा, पाचवीचा वर्ग आहे आणि सममूल्य अपूर्णांक चाललेत, म्हणजे एक द्वितीयांश आणि दोन चतुर्थांश ही एकच किंमत कशी, हा घटक. एका वर्गात बाई व्हिडिओ लावतात, दिवे घालवतात, अकरा मिनिटं व्हिडिओ चालतो. चित्रं सुंदर आहेत, आवाज मोठा आहे, मुलं शांत आहेत. शेवटी बाई विचारतात, ‘समजलं का?’ सगळा वर्ग एका सुरात ‘होऽऽ’ म्हणतो. मग फळ्यावरचं उदाहरण वहीत उतरवून घेतलं जातं. आपल्या तिसऱ्या रकान्यात बहुतेक वेळ ‘पाहत आहेत’, ‘ऐकत आहेत’ हेच शब्द येतील.

दुसऱ्या शाळेत तोच व्हिडिओ आहे. तिथले सर तो दुसऱ्या मिनिटाला थांबवतात. प्रत्येक मुलाच्या हातात कागदाची एक पट्टी आहे. ‘मधोमध दुमडा. एक भाग रंगवा. आता पुन्हा दुमडलं तर रंगवलेले भाग किती होतील? पट्टी उघडायची नाही, आधी वहीत लिहा.’ काही जण एक लिहितात, काही दोन, एक मुलगी चार लिहिते. सर चूक-बरोबर सांगत नाहीत. पट्ट्या उघडायला लावतात, चार लिहिलेल्या मुलीला ‘तुझे चार कुठून आले?’ असं विचारतात. तिने रंगवलेले आणि न रंगवलेले सगळे भाग मोजलेत, हे सगळ्या वर्गाला दिसतं. मग व्हिडिओ पुढे जातो, आणि पडद्यावर तीच दुमड दिसली की मुलं तिच्याकडे आपल्या उत्तराचा ताळा म्हणून पाहतात. या तासाचा तिसरा रकाना पाहा: दुमडत आहेत, अंदाज लिहीत आहेत, भांडत आहेत, पुन्हा मोजत आहेत.

दोन्ही शाळांत यंत्र तेच आहे, व्हिडिओही तोच. माझ्या मते तंत्रज्ञानाच्या वापराची खरी खूण इथे आहे: शिक्षक पडदा थांबवतात का, आणि थांबवल्यावर मुलांना काय करायला लावतात. बाकी काही पाहायला जमलं नाही तरी हे एवढं अवश्य पाहा.

वर्गात असतानाच आणखी एक प्रश्न मनाशी विचारा. पडद्यावर जे दाखवलं ते खडू-फळ्यावर, कागदावर किंवा शाळेच्या आवारात तितकंच चांगलं झालं असतं का? मोडाचं रोप कसं वाढतं हे दहा दिवसांचं चित्रण अर्ध्या मिनिटात पाहणं पडद्याशिवाय शक्य नाही. हृदयाच्या झडपा, ग्रहणात होणारी सावल्यांची हालचाल, समुद्र कधीच न पाहिलेल्या मुलांना भरती-ओहोटी, यांनाही पडदा हवा. पाढ्यांची चित्रफीत लावून मुलांना मोठ्याने म्हणायला लावायला मात्र पडद्याची गरज नाही. उलट महागडं यंत्र नसतानाही फार चांगला वापर होऊ शकतो. शिक्षकांच्या साध्या फोनवर मुलाचं वाचन ध्वनिमुद्रित करून त्यालाच ऐकवलं, तर कुठे अडखळतो, कुठे शब्द गाळतो हे त्याचं त्यालाच कळतं. महिन्याने पुन्हा मुद्रित करून दोन्ही एकापाठोपाठ ऐकवलं की प्रगतीही त्याला ऐकू येते.

यंत्राला हात कुणाचा लागतो, हेही टिपा. टॅब तीन मुलांत एक असेल तर बोट सहसा एकाचंच फिरतं आणि तो बहुधा वर्गातला हुशार मुलगा असतो. मुलींकडे मुद्दाम पाहा. ‘असर’ 2024 या सर्वेक्षणात 14 ते 16 वयोगटातल्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 36.2 टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींमध्ये हे प्रमाण 26.9 टक्के होतं. घरी जिला फोन मिळत नाही, तिला शाळेतही टॅब मिळाला नाही तर तिच्या वाट्याला काहीच येत नाही. मागच्या रांगेतून पडद्यावरची अक्षरं दिसतात का, खिडकीच्या उजेडाने पडदा पांढरा पडतो का, चष्मा लागलेलं पण चष्मा नसलेलं मूल कुठे बसलंय, या गोष्टीही लिहून ठेवा. खिडकीला पडदा शिवून लावणं हे दोनशे-तीनशे रुपयांचं काम आहे आणि त्याने अख्खा वर्ग सुधारतो.

पाचवी पायरी शिक्षकांशी बोलण्याची. प्रशिक्षण झालं का, असं विचारलं की ‘झालं’ हे उत्तर येतं. त्यात यंत्र चालू-बंद करायला शिकवलं, की त्याच्या मदतीने अपूर्णांक कसा शिकवायचा हे शिकवलं, असं विचारा. दोन्ही प्रशिक्षणं वेगळी आहेत आणि दुसरं फार क्वचित मिळतं. शाळेत अडचण आली की कुणाला विचारता, हेही विचारा. शेजारच्या शाळेतले एखादे जाणकार शिक्षक हेच बहुतेक ठिकाणी खरे प्रशिक्षक असतात. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे दहा-पंधरा शाळांच्या शिक्षकांच्या नियमित बैठकीत, त्यांना अर्धा तास मिळावा असं समिती केंद्रप्रमुखांना सुचवू शकते.

पडद्यावर काय दाखवलं जातं, तेही पाहा. बालभारतीच्या पुस्तकांवर क्यूआर कोड छापलेले आहेत. हा चौकोनी ठिपक्यांचा ठसा फोनने टिपला की त्या पाठाचं दृक्-श्राव्य साहित्य उघडतं. पुस्तकातल्या पाठाला अशी जोड देण्याचं काम सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केलं आणि 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. साहित्य ठेवणारं ‘दीक्षा’ हे केंद्र सरकारचं व्यासपीठ 5 सप्टेंबर 2017 रोजी सुरू झालं. आपण आपल्या मुलाच्या पुस्तकातले तीन-चार कोड घरी स्वतः उघडून पाहा. उघडतात का? उघडलेलं त्याच पाठाचं आहे का? भाषा आपल्या मुलाला समजते का? शाळेत रेंज नसेल तर शिक्षक साहित्य आधी उतरवून पेनड्राइव्हवर आणतात का? रेंजची वाट पाहण्यात तासिकेची दहा मिनिटं जात असतील, तर यावर सर्वात स्वस्त इलाज हाच आहे.

सहावी पायरी सगळ्यात अवघड: मुलं खरंच जास्त शिकली का? इथे वस्तूंच्या संख्येवर भिस्त ठेवता येत नाही. पेरू देशात ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या योजनेत 319 ग्रामीण प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला. योजनेच्या शाळांत मुलांमागे संगणकांचं प्रमाण 1.18 झालं, इतर शाळांत ते 0.12 होतं. सुमारे 15 महिन्यांनी चाचणी घेतली तेव्हा गणितात आणि भाषेत काही फरक आढळला नाही. उलट दिल्लीत 2015 मध्ये ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर सहावी ते नववीच्या मुलांनी शाळा सुटल्यावर सुमारे साडेचार महिने वापरलं आणि गणित, हिंदी दोन्हींत चांगली वाढ दिसली. तिथे प्रत्येक मुलाला त्याच्या खऱ्या पातळीवरचे प्रश्न मिळत होते, सहावीतल्या मुलाला चौथीचं येत नसेल तर चौथीचे. शिवाय रोजच्या दीड तासातला अर्धा वेळ छोट्या गटात माणूस शिकवत होता, ही गोष्ट सांगताना अनेकदा गाळली जाते.

आपल्याला एवढा मोठा अभ्यास करायचा नाही. शिक्षकांबरोबर एक घटक निवडा आणि त्यावर आठ-दहा प्रश्न काढा. घटक शिकवण्याआधी एकदा, शिकवून झाल्यावर एकदा, आणि दीड-दोन महिन्यांनी आणखी एकदा तेच किंवा तशाच धर्तीचे प्रश्न त्याच मुलांना द्या. तिसरी वेळ टाळू नका. बडोद्याच्या त्या प्रयोगातही कार्यक्रम सुटल्यावर वर्षभराने मुलांची आघाडी बरीच ओसरली होती. तासाच्या शेवटी लगेच घेतलेल्या चाचणीत मुलाला पडद्यावरचं चित्र आठवतं, आणि आठवणं म्हणजे समजणं असं आपण धरून चालतो. म्हणून प्रश्नही व्हिडिओतल्या उदाहरणाहून वेगळे हवेत. व्हिडिओत पट्टी असेल तर चाचणीत पाण्याची बाटली किंवा गुंठ्यांत मोजलेली जमीन असू द्या.

निकाल पाहताना वर्गाची सरासरी काढून थांबू नका. सुरुवातीच्या चाचणीवरून मुलांचे तीन गट करा: बरंच येत होतं ते, थोडं येत होतं ते, जवळजवळ काहीच येत नव्हतं ते. प्रत्येक गट किती पुढे सरकला ते वेगवेगळं लिहा. वरचा गट वाढला आणि खालचा जागच्या जागी राहिला, तर सरासरी वाढलेली दिसते, पण ज्या मुलांसाठी गावाने पैसे दिले ती मुलं तिथेच असतात. माझ्या लेखी खालच्या गटाची वाढ हीच साधनाच्या उपयोगाची कसोटी आहे.

तुलना कशाशी करायची, इथेही गडबड होते. दोन तुकड्या असतील तर एका तुकडीला आधी आणि दुसरीला नंतर साधन वापरून शिकवा, म्हणजे कुणाचं नुकसान होत नाही. एकच वर्ग असेल तर साधारण सारख्या अवघड असलेल्या दोन घटकांपैकी एक पडद्यासह आणि एक पडद्याशिवाय शिकवून पाहा. यंदाच्या पाचवीची गेल्या वर्षीच्या पाचवीशी तुलना मात्र टाळा, मुलंच वेगळी असतात. आणि वर्गात पंधरा-वीस मुलं असतील तर ‘तीस टक्के प्रगती’ असं फलकावर लिहू नका, दोन मुलं आजारी पडली तरी तो आकडा बदलतो. ‘अठरापैकी अकरा मुलांना आता जमतं, आधी चौघांना जमत होतं’ असं सरळ लिहा.

दोन आकड्यांवर विसंबू नका. पहिला अॅपचा. ‘92 टक्के पाठ पूर्ण’ याचा अर्थ बहुधा तेवढे व्हिडिओ शेवटपर्यंत चालले, एवढाच असतो. दुसरा वार्षिक परीक्षेच्या गुणांचा. दिल्लीतल्या त्या मुलांची गणितातली वाढ शाळेच्या परीक्षेत दिसली नव्हती, कारण ती खालच्या इयत्तांचं राहिलेलं शिकत होती आणि परीक्षा चालू इयत्तेची होती. असं आपल्याकडे झालं तर साधन निरुपयोगी ठरवण्याआधी मुलाच्या पातळीची चाचणी घेऊन पाहा.

वेळ कुठून काढला, हेही विचारायला हवं. गुजरातमध्ये ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत एक अभ्यास झाला. चांगल्या चाललेल्या तासाची जागा संगणकाला दिली तेव्हा मुलं कमी शिकली. तोच संगणक शाळेनंतर जोडीला दिला तेव्हा जास्त शिकली, आणि त्यात मागे पडलेल्या मुलांचा फायदा अधिक झाला. आपल्या शाळेतला डिजिटल तास वाचनाचा, खेळाचा की प्रयोगाचा तास खाऊन उभा आहे, ते वेळापत्रकावरून लगेच कळेल.

खर्चाची बाब थोडक्यात. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला पटानुसार वार्षिक संयुक्त अनुदान मिळतं. 30 पर्यंत पट असेल तर 10,000 रुपये, 31 ते 100 पटाला 25,000 रुपये. त्यातच किरकोळ दुरुस्ती, स्वच्छता, साहित्य सगळं भागवायचं असतं. म्हणून कोणतीही कंपनी ‘पहिलं वर्ष मोफत’ म्हणत आली तर दुसऱ्या वर्षाचं शुल्क, दुरुस्तीची हमी आणि इंटरनेटचं रिचार्ज या तीन गोष्टी लेखी घ्या. मुलांची नावं, फोटो, फोन नंबर अॅपमध्ये भरले जात असतील तर ते कुठे साठतात हेही विचारा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालच्या मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती हा सर्वसाधारण नियम आहे.

शेवटची पायरी समितीच्या सभेची. आपण लिहिलेली वही आधी शिक्षकांना दाखवा. त्यांना जे पटलं नसेल तेही त्यात लिहा, मगच सभेत मांडा. सभेत कोणत्याही शिक्षकाचं नाव घेऊन बोलू नका. ‘डिजिटल वर्ग उपयोगी आहे’ किंवा ‘नाही’ असा निकाल देण्याच्या फंदातही पडू नका. केबल आणायची, खिडकीला पडदा लावायचा, दुसरी चावी करायची, डिजिटल तास बुधवारी आणि शुक्रवारी पक्का करायचा, अपूर्णांकाची तिसरी चाचणी अमुक तारखेला घ्यायची, असे छोटे ठराव करा. प्रत्येकासमोर जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख लिहा आणि ते इतिवृत्तात घ्या. पैसे लागणाऱ्या बाबी शाळा विकास आराखड्यात घाला, नाहीतर पुढच्या वर्षी त्यांना तरतूद मिळणार नाही.

तीन महिन्यांनी तेच ठराव पुन्हा वाचा. काही झालेलं असेल, काही राहिलेलं असेल. राहिलेल्याचं कारण शाळेच्या हातातलं नसेल, जसं वीज किंवा शिक्षकांची रिक्त जागा, तर समितीच्या सहीने गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र द्या आणि पोच घ्या.

सगळं एकदम करायला जाऊ नका, एका वर्गापासून आणि एका घटकापासून सुरुवात करा. पुढची मासिक सभा जवळ आली असेल तर त्याआधी मुख्याध्यापकांना भेटा आणि ‘डिजिटल वर्गाचा आढावा’ हा विषय विषयपत्रिकेवर घ्यायला सांगा.